ज्ञान : देणगी की हक्क ?

(जव्हार व मोखाडा तालुक्यांतील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे पंचशीलाविषयी बोलावे, बावीस प्रतिज्ञांविषयी बोलावे, मुलामुलींच्या शिक्षणाविषयी बोलावे. संगणकाच्या आज्ञावलीविषयी कशासाठी बोलावे? ज्या घरातील माणसे दिवाळी सरली की वीटभट्टीच्या कामासाठी भिवंडी-वसईकडे निघतात, त्या घरांचा या विषयाशी संबंध काय ? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे, असे मला आपणास दाखवावयाचे आहे.

ज्ञानावर मालकी कोणाची, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. आपल्या पूर्वजांना अक्षर शिकण्याची बंदी होती आणि ती बंदी धर्माच्या नावाने घातलेली होती. आज कोणी उघडपणे स्मृतीचा आधार घेऊन मुलाला शाळेतून हाकलू शकत नाही. परंतु बंदीने आपला वेष पालटला आहे. आज ती कराराच्या कागदावर असते, पुस्तकाच्या किमतीत असते, आणि ज्या यंत्रावर आपली मुले शिकणार त्या यंत्राच्या पोटात दडवून ठेवलेल्या लिखाणात असते. ती जातीचे नाव घेत नाही, म्हणून ओळखू येत नाही, इतकेच.

पाली वाङ्मयात ‘आचरियमुट्ठि’ असा एक शब्द आहे. आचरियमुट्ठि म्हणजे आचार्याची मूठ. पूर्वी गुरू बरेचसे शिकवीत, पण शेवटचे मर्म मुठीत झाकून ठेवीत. मर्जीतल्या एखाद्या शिष्याला ते अंतकाळी सांगत, नाही तर आपल्याबरोबर घेऊन जात. भगवान बुद्ध वैशालीजवळच्या बेलुव गावी आजारी पडले, तेव्हा आनंदाला वाटले की संघासाठी काही राखून ठेवलेले सांगणे अजून व्हावयाचे असेल. त्यावर तथागतांनी त्याला स्पष्ट सांगितले की आपण धम्म शिकविताना आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक असा भेद ठेवला नाही, आणि धम्माच्या बाबतीत तथागताजवळ आचार्याची मूठ नाही. महापरिनिब्बानसुत्तातील हा प्रसंग आपण सर्वांनी आपल्या मुलांना सांगावा. जगातील किती धर्मसंस्थापकांनी असे सांगितले असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता ही मूठ आजच्या काळात कोठे दिसते ते पाहू. संगणकाला काय करावे हे सांगणारे लिखाण म्हणजे आज्ञावली. लोक तिला सॉफ्टवेअर म्हणतात. ती माणसाला वाचता येईल अशा रूपात प्रथम लिहिली जाते. या मूळ लिखाणास सोर्स कोड म्हणतात. नंतर तिचे यंत्राला कळेल अशा रूपात परिवर्तन होते. विकणारा आपल्याला बहुधा हे दुसरे रूपच देतो. मूळ लिखाण तो स्वतःजवळ ठेवतो. स्वयंपाकाचे उदाहरण घ्या. भाकरी मिळाली, पण पीठ कोणते, पाणी किती, तवा किती तापवावा हे सांगणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला तशी भाकरी करून देशील तर गुन्हा होईल, असा हा व्यवहार आहे.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठात रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण काम करीत असे. तेथील छपाईच्या यंत्रात कागद वारंवार अडके. कागद अडकला की कामाला बसलेल्यांना त्याची सूचना मिळावी, एवढी लहानशी सुधारणा त्याला करावयाची होती. त्यासाठी यंत्राच्या आज्ञावलीचे मूळ लिखाण पाहिजे होते. दुसऱ्या एका विद्यापीठातील संशोधकाकडे ते होते. स्टॉलमनने ते मागितले. संशोधकाने नकार दिला, कारण कोणाला द्यावयाचे नाही असे वचन त्याने लिहून दिले होते. एका विद्वानाने दुसऱ्या विद्वानाला ज्ञान नाकारावे, आणि तेही शत्रुत्वामुळे नव्हे, करारामुळे ! स्टॉलमनने ही गोष्ट मनाला लावून घेतली. १९८३ साली त्याने ‘ग्नू’ या नावाने संपूर्णपणे मुक्त अशी संगणकप्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापिली.

या चळवळीने माणसाचे चार हक्क मानले आहेत. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरता आली पाहिजे. ती उघडून, वाचून, आपल्या गरजेप्रमाणे बदलता आली पाहिजे. तिची प्रत शेजाऱ्याला देता आली पाहिजे. आणि आपण सुधारलेली प्रतही दुसऱ्यांना देता आली पाहिजे. यांपैकी दुसरा हक्क मला बौद्ध माणसाच्या विशेष जवळचा वाटतो. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा असे ज्याच्याविषयी म्हणता येते तो. उघडून पाहू न देणाऱ्या वस्तूवर केवळ विश्वास ठेवावा लागतो, आणि न पाहता विश्वास ठेवण्याची सवय मोडण्यासाठीच आपण दीक्षा घेतली आहे.

येथे एक शंका हमखास निघते. लोक म्हणतात, आमच्या फोनवर सारे काही फुकटच मिळते. मग आणखी कसले स्वातंत्र्य हवे? याचे उत्तर आपल्याइतके दुसरा कोणताही समाज चांगले जाणत नाही. महार वतनाची जमीनही विकत घ्यावी लागत नव्हती. ती ‘मिळत’ होती. तिच्याबरोबर काय मिळत होते ? रात्री-अपरात्री येणारी वेठ, सरकारी टपाल घेऊन धावणे, गावच्या दारोदार भाकरी मागणे, आणि सांगितलेल्या कामाला नाही म्हणण्याची मनाई. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनासंबंधी बिल आणले, तेव्हा आपल्यापैकीच काहींना ते नकोसे वाटले, कारण मोफत जमीन जाईल अशी त्यांना भीती होती. मोफत आणि मुक्त या दोन शब्दांमधील अंतर ते हेच. कंपनी आपल्याला सेवा मोफत देते आणि त्याबदली आपण कोठे जातो, कोणाशी बोलतो, काय वाचतो याची नोंद घेते. हे नव्या तऱ्हेचे वतनच आहे.

शिवाय जे मर्जीने दिलेले असते, ते मर्जीने काढूनही घेता येते. २००९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत अॅमेझॉन कंपनीच्या वाचनयंत्रावर ज्यांनी जॉर्ज ऑर्वेल यांची पुस्तके घेतली होती, त्यांना ती एके दिवशी आपल्या यंत्रातून नाहीशी झालेली आढळली. विक्रेत्याला ती विकण्याचा हक्क नव्हता असे निष्पन्न झाले, म्हणून कंपनीने दुरूनच ती पुसून टाकली. पैसे परत दिले हे खरे. परंतु कागदाचे पुस्तक आपल्या फडताळातून असे कोणाला काढून नेता आले असते काय ?

आणि महाडचा इतिहास तर आपल्या घरचाच आहे. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे मोकळे केल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडले. पण पाणी प्यावयास कोणी उतरू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव प्रत्यक्षात आला. पुढे काय झाले ते पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला ! ठरावाने दिलेले ठरावाने गेले. नंतर दावा चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागण्यास १९३७ चा मार्च उजाडावा लागला. तळे तेव्हा हक्काचे झाले. औदार्याने मिळालेले आणि हक्काने मिळालेले यांत किती वर्षांचे अंतर असते, ते या तारखांवरून समजते.

म्हणून मुक्त आज्ञावलीच्या लोकांनी केवळ औदार्यावर भिस्त ठेवली नाही. त्यांनी परवाना लिहिला. ‘जनरल पब्लिक लायसन्स’ या नावाचा हा परवाना १९८९ साली प्रथम निघाला. त्यातील मुख्य अट मोठी चतुर आहे : ही आज्ञावली तू घे, बदल, विकही, परंतु दुसऱ्याला देताना तुला मिळालेले सर्व हक्क त्यालाही दिले पाहिजेत, मूळ लिखाण दिले पाहिजे. म्हणजे तळ्यावरून पाणी नेणाऱ्याला पुढे स्वतःचे कुंपण घालून दुसऱ्यांना अडविता येत नाही. जो अटी पाळतो त्याचा हक्क देणाऱ्यालाही लहर फिरली म्हणून परत घेता येत नाही. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली रचलेला ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा १९९२ साली याच परवान्याखाली आला. आज मोखाड्याच्या बाजारात ज्याच्या हाती अँड्रॉइड फोन आहे, त्याच्या फोनच्या गाभ्याशी लिनक्स आहे. (तेवढ्याने तो सारा फोन मुक्त होत नाही, हेही सांगितले पाहिजे, गाभ्यावर बाकीची भिंत कंपन्यांनी आपली बांधली आहे.)

आता आज्ञावलीकडून एकंदर ज्ञानाकडे वळू. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस त्यात साठतो आणि मुंबईच्या नळांना जातो. चैत्र-वैशाखात याच तालुक्यातील पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. ज्ञानाचेही असेच झाले आहे. सरकारी विद्यापीठांत जे संशोधन होते त्याचा खर्च जनतेच्या करातून होतो. त्या करात साबणाचा, डिझेलचा पैसा आहे, म्हणजे आपलाही आहे. ते संशोधन खाजगी प्रकाशकांच्या नियतकालिकांत छापले जाते आणि मग तेच वाचण्यासाठी विद्यापीठांना जबर वर्गणी भरावी लागते. २००२ साली बुडापेस्ट येथे निघालेल्या जाहीरनाम्याने या प्रथेला उत्तर दिले : संशोधन वाचण्यास, उतरविण्यास, वाटण्यास सर्वांना मोकळे असावे.

आपल्या सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी एक योजना मंजूर केली. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ असे तिचे नाव आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना व संशोधनसंस्थांना खुली करावयाची, अशी ती योजना आहे. गावोगावच्या सरकारी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना तिचा लाभ होईल, आणि मी तिला नावे ठेवीत नाही. परंतु जो विद्यार्थी नाही, जो आश्रमशाळेत शिक्षक आहे, जी अंगणवाडीत ताई आहे, तिला काय ? आणि वर्गणी संपली की काय ? वरून ओंजळीत पाणी ओतणारा हात असला की तहान भागते. तळ्यात उतरण्याची गोष्ट निराळी.

याच देशातील एका खटल्याची माहिती आपल्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना असली पाहिजे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एक झेरॉक्सवाला महागड्या पुस्तकांतील नेमलेली प्रकरणे एकत्र करून विद्यार्थ्यांना स्वस्तात देत असे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी त्याच्यावर व विद्यापीठावर दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दावा फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरात अपिलाच्या वेळीही खंडपीठाने हे तत्त्व मान्य केले की शिक्षणाच्या ओघात, शिक्षणाच्या उद्दिष्टासाठी आवश्यक तेवढ्या प्रती काढणे हे लेखाधिकाराच्या कायद्याने मोकळे ठेवलेले आहे. २०१७ साली प्रकाशकांनी दावा सोडून दिला. गरीब विद्यार्थ्याने प्रत काढणे म्हणजे चोरी, असे जे कोणी मोघम सांगतात, त्यांना हा निकाल दाखवावा.

बाबासाहेबांच्या ग्रंथांची स्थिती काय आहे, हे तर प्रत्येक बौद्ध घराला ठाऊक हवे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांचे भाषण रद्द केले, कारण त्यातील मजकूर बदलण्यास त्यांनी नकार दिला. त्यांनी ते स्वतः छापले. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि ते निरनिराळ्या भारतीय भाषांत जाऊ लागले. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची टीकाही छापली आणि आपले उत्तरही. विरोधकाचे म्हणणे वाचकापासून लपवावे असे त्यांना वाटले नाही. १९५७ च्या लेखाधिकार कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून कोणालाही छापता, वाटता, भाषांतरित करता येतात. बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला, म्हणून त्याला आणखी एक वर्ष लागले. जे लिखाण त्याहूनही पुष्कळ उशिरा प्रथम छापले गेले, त्याची मुदत छपाईच्या वर्षापासून मोजतात. आणि भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो, हे विसरू नये.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली हे वाङ्मय खंडशः प्रसिद्ध केले. तो फार मोठा उपकार झाला. परंतु पुढे छपाईचे काम इतके रेंगाळले की वर्तमानपत्रातील बातमी वाचून डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची दखल घेतली. एकाच छापखान्याच्या तोंडाकडे पाहत बसलेल्या समाजाचे असे होते. आता खंडांच्या प्रती भारत सरकारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. जव्हारला शिकणारा एखादा मुलगा त्या एकदा उतरवून घेईल, तर दहा पाड्यांना पुरवू शकेल. आणि भाषांतराचे काय ? दोन ब्राह्मणकुलीन भिक्षूंनी बुद्धवचने छंदस् भाषेत बांधावी असे सुचविले, तेव्हा भगवंतांनी ते नाकारून ज्याने त्याने आपल्या भाषेत धम्म शिकावा अशी अनुज्ञा दिली, असे विनयपिटकात आहे. आपल्या भागात वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर घरांत ज्या बोली बोलतात, त्यांत धम्माची ओळख करून देणारी चार पाने कोणी लिहिली तर त्याला आज कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.

याच ठिकाणी एक आक्षेप आहे आणि तो मी हलका समजत नाही. आदिवासी बांधव विचारतात : आमचे ज्ञान तर पिढ्यानपिढ्या मोकळेच होते. वनस्पती आम्ही दाखविल्या, औषध दुसऱ्याने विकले. आमच्या बायकांनी लग्नात भिंतीवर चौक लिहिले, आणि ती चित्रे शहरातल्या कपड्यांवर छापून पैसा दुसऱ्याने केला. मग मोकळेपणाने आमचे काय भले झाले ? आक्षेप खरा आहे. हळदीने जखम भरते हे आपल्या आजीला ठाऊक होते. तरी १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले, आणि भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुराव्यादाखल मांडले तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. जे लिहून ठेवलेले होते त्याच्या बळावर ते सुटले, हे ध्यानी घ्या. मोकळेपणा कुंपण घालणाऱ्यालाही मोकळा सोडीत असेल, तर तो दुर्बळाच्या उपयोगाचा नाही. म्हणूनच मला त्या परवान्यातील अट महत्त्वाची वाटते. वनहक्क कायदा, २००६ याच्या कलम ३(१)(ट) मध्ये जैवविविधता व सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. काय सांगावे, कोणाला सांगावे, कोणत्या अटीवर सांगावे, हे ग्रामसभेने ठरवावे. ते ठरविणे ही मूठ झाकणे होत नाही.

कायद्याच्या ज्ञानाचीही हीच कथा. दीक्षा घेतली की सवलती गेल्या, अशी भीती घालणारे लोक आजही भेटतात. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. अनुसूचित जमातींच्या आदेशात तर धर्माची अट मुळातच नाही. ही दोन वाक्ये ज्याला ठाऊक नाहीत, तो दाखल्यासाठी दलालाला पैसे मोजतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ पासून आपले निवाडे सर्वांना विनामूल्य वाचण्यास खुले केले आहेत, आणि पुष्कळ निवाड्यांची भाषांतरेही होत आहेत. ते वाचणारी दोन मुले प्रत्येक गावात तयार झाली पाहिजेत.

आता करावयाच्या कामाविषयी थोडे. आपण जी पत्रके, अर्ज, विहाराचे हिशेब संगणकावर लिहितो, ते युनिकोड पद्धतीच्या अक्षरांत लिहावे. पूर्वी निरनिराळ्या कंपन्यांची अक्षरे निरनिराळ्या सांकेतिक पद्धतींची असत. ती कंपनी किंवा तो टंक नसला की मजकुराची निरर्थक चिन्हे होत, आणि कितीतरी मराठी लिखाण अशा रीतीने कुलुपात अडकले. युनिकोडची मराठी अक्षरे मुक्त परवान्याखाली भरपूर मिळतात. लिहिण्यासाठी ‘लिबर ऑफिस’ आहे. शाळेच्या जुन्या संगणकावर लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या चालतात. केरळ राज्याने आपल्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर नेले आणि ते मल्याळम भाषेत चालविले. तेथे जमले ते येथे जमणार नाही असे म्हणण्यास कारण दिसत नाही. शिक्षक म्हणतील, आम्हाला हे कोणी शिकविलेले नाही. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी चालविलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त आज्ञावलींचे दहा-दहा मिनिटांचे धडे केले आहेत आणि त्यांतील पुष्कळ मराठीत आहेत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही ते दाखविता येतात, म्हणून ते आपल्या डोंगराळ भागास सोयीचे आहेत.

त्याच प्रकल्पात बाळाला अंगावर कसे पाजावे, पाजताना त्याला कसे धरावे, सहा महिन्यांनंतर त्याला कोणते वरचे अन्न द्यावे याचेही धडे आहेत, मराठीतही आहेत. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके १९९२ साली कुपोषणाने दगावली, त्या घटनेची आठवण या तालुक्यात अजून आहे. ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घरातील मातेने आणि सासूने ते धडे एकत्र बसून पाहावे. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी ते आपल्या फोनमध्ये भरून घ्यावे. तेथे अंगणवाडी असेलच असे नाही.

जयभीम.